दुकान जवळ आले की आहार सुधारतो का?

प्रश्न: ताजी फळे आणि भाज्या मिळणारे दुकान घरापासून दूर असेल, तर कुटुंबाचा आहार त्यामुळेच बिघडतो असे म्हणता येईल का, की उत्पन्न आणि सवयी हीच मूळ कारणे असतात?

प्रतिसाद १: अंतराचा परिणाम होतो, पण वाटतो तितका नाही. अमेरिकेतील कुटुंबांच्या खरेदीच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार, गरीब कुटुंबांना श्रीमंतांइतकीच उत्पादने त्याच किमतीत उपलब्ध झाली, तरी दोघांच्या आहारातील पोषणाची दरी केवळ सुमारे १० टक्क्यांनी कमी होईल. परिसरात नवे सुपरमार्केट उघडल्यावर लोक तिथे जाऊ लागले. पिशवीत मात्र बहुतांशी पूर्वीचेच जिन्नस राहिले.

प्रतिसाद २: हा निष्कर्ष सरसकट लावू नये. वाहन नसलेल्या, वृद्ध किंवा अपंग व्यक्तींना अंतरासाठी वेळ, भाडे आणि श्रम मोजावे लागतात. अशा घरांत खरेदी क्वचित होते आणि साहजिकच टिकाऊ, प्रक्रिया केलेल्या पदार्थांकडे कल वाढतो. शिवाय जवळच्या दुकानातला माल शिळा किंवा महाग असेल, तर नुसते अंतर मोजून काय साधणार?

प्रतिसाद ३: घरात फ्रिज आणि स्वयंपाकाला पुरेसा वेळ आहे का, हेही तपासावे.