रायझन ७ ५७००एक्ससाठी एअर कूलर: सिंगल टॉवर पुरेल का?

एलिव्हेशनवाला, इंदिरानगर

नमस्कार मंडळी. मी घरूनच इंटिरिअर आणि एलिव्हेशनचे रेंडर (कॉम्प्युटरवर बनवलेली हुबेहूब चित्रं) करून देतो, बहुतेक कामं गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या आर्किटेक्ट लोकांची. सगळं काम कोरोना रेंडरर या सॉफ्टवेअरवर, म्हणजे भार पूर्ण प्रोसेसरवर. मध्यंतरी एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर काढून त्याच बी५५० मदरबोर्डावर रायझन ७ ५७००एक्स टाकला. याच्या खोक्यात कूलर येत नाही. बसवून देणाऱ्याने ५६०० बरोबर आलेला रेथ स्टेल्थच परत चढवला आणि 'चालतंय' म्हणून सांगितलं.

चालतंय, पण खोली वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर थेट स्लॅब. दुपारी खोलीतच ३५-३६ असतं. रेंडर लावला की थोड्याच वेळात एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ९० दिसतं आणि आकडा तिथेच चिकटून बसतो. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत उतरतो. तोच सीन पहाटे लावला तर ३.९ च्या आसपास टिकतो. पंख्याचा आवाज इतका की शेजारच्या खोलीत मुलगी अभ्यासाला बसली की दार लावून घेते. रात्रभर चालणारी ॲनिमेशन तर मी हल्ली घेतच नाही.

कॅबिनेट मायक्रो एटीएक्स, पुढे अख्खी काच, आत पुढचा एक आणि मागचा एक पंखा. कूलरची कमाल उंची १६० मिमी असं त्याच्या कागदावर लिहिलंय. रॅमवर उंच हीट स्प्रेडर आहेत. माझ्यापुढे तीन पर्याय: डीपकूल एके४०० सारखा सिंगल टॉवर (पत्र्यांचा एकच मनोरा), थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई हा दोन मनोऱ्यांचा ड्युअल टॉवर, नाहीतर २४० मिमी रेडिएटरचं लिक्विड, म्हणजे पाणी फिरवणारा कूलर. पैसे अगदीच कमी आहेत असं नाही, पण एकदा घातले की नाशिकच्या उन्हाळ्यात दिवसा काम करता आलं पाहिजे. कोणी असाच सेटअप वापरत असेल तर सांगा.

कॅम्पातला, देवळाली

सरळ २४० चं लिक्विड टाका. मे महिन्यात हवेवर चालणाऱ्या कूलरकडून काय अपेक्षा ठेवणार? माझं गेमिंगचं मशीन लिक्विडवर आहे, काही त्रास नाही.

पानापकड, सिडको

दादा, लिक्विडही शेवटी हवेवरच चालतं. पाणी फक्त उष्णता रेडिएटरपर्यंत नेऊन सोडतं, तिथून ती काढायची कुणी? खोलीतल्याच हवेने. खोलीत ३६ असेल तर पंख्यावर चालणारा कुठलाही कूलर, कितीही महाग असो, प्रोसेसर ३६ च्या खाली नेऊ शकत नाही. त्यामुळे रिव्ह्यूमधला आकडा जसाच्या तसा धरू नका. त्यांची खोली बहुतेक वेळा विशी-बाविशीत असते. तिथे ६५ दिसलं तर त्याचा अर्थ खोलीपेक्षा ४३-४५ वर. तोच कूलर, तोच भार, पंख्याचा वेगही तोच ठेवला तर तुमच्या स्लॅबखाली दुपारी ८० च्या आसपास दिसणार, आणि त्यात कूलरचा काहीच दोष नाही. ज्याने खोलीचं तापमान लिहिलेलं नाही तो रिव्ह्यू मी बाजूला ठेवतो.

आता भाऊ, तुमच्या प्रोसेसरकडे वळू. ५७००एक्सवर ६५ वॅट लिहिलंय, पण सॉकेटमधून कमाल ७६ वॅट घ्यायची मुभा एएमडीने त्याला दिली आहे. ५८००एक्स तसाच आठ कोअरचा, त्याच पिढीचा, पण त्याची मर्यादा १४२ वॅट. म्हणजे जवळपास दुप्पट. लोक ५८००एक्सचे व्हिडिओ बघतात आणि घाबरून ५७००एक्सवर लिक्विड चढवतात. असे ग्राहक माझ्याकडे येतात तेव्हा मी आधी हेच दोन आकडे त्यांना कागदावर लिहून देतो.

७६ वॅट हा सिंगल टॉवरसाठी आरामाचा भार आहे. स्टेल्थला तो जड जातो, कारण स्टेल्थ म्हणजे ५४ मिमी उंचीचा नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यात तांबंही नाही, हीट पाइपही नाही. एके४०० मध्ये चार हीट पाइप आहेत. हीट पाइप म्हणजे तांब्याची दोन्हीकडून बंद नळी, आतली हवा काढून टाकलेली आणि थोडंसं पाणी सोडलेलं. आत दाब नसल्यामुळे पाण्याची कमी तापमानालाच वाफ होते, ती वर टॉवरच्या पातळ पत्र्यांकडे धावते, तिथे थंड होऊन परत पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र थरातून तळाशी येतं. वीज नाही, मोटर नाही, वर्षानुवर्षं बिनतक्रार. लिक्विडचा पंप कधीतरी जातो, आणि तो ऐन डिलिव्हरीच्या रात्री गेला तर तुमचं काम थांबतं. टॉवरचा पंखा गेला तर कुठलाही १२० मिमीचा पंखा त्याच क्लिपांत बसतो. कामाच्या मशीनला मी टॉवरच सुचवतो तो याच कारणाने.

मग ड्युअल टॉवर का नको? तो कूलर उत्तम आहे, १४२ वॅटवाल्याला मी डोळे झाकून तोच देईन. पण तुमच्या प्रोसेसरमधला आठ कोअरचा तुकडा जेमतेम ८० चौरस मिलिमीटरचा. सगळी उष्णता त्या एवढ्याशा जागेतून वर यायची असते. खरी अडचण त्या जागेत आहे, वर पत्रे वाढवून ती फार हलत नाही. ७६ वॅटवर सिंगलवरून ड्युअलला गेलं तर माझ्या टेबलावर दोन-चार अंशांचाच फरक दिसतो.

आणि तुमची रॅम उंच आहे. ड्युअल टॉवरचा पुढचा पंखा बरोबर रॅमच्या डोक्यावर येतो. रॅम आड आली की पंखा वर सरकवायचा. कूलर १५५ मिमीचा, पंखा एक सेंटिमीटर जरी वर गेला तरी १६५ झाले. तुमची मर्यादा १६०. बाजूची काच बंदच होणार नाही. एके४०० ही १५५ चाच आहे, पण त्याचा पंखा वर सरकवायची वेळ सहसा येत नाही.

एक करा. कूलर मागवण्याआधी बाजूची काच काढून तोच रेंडर लावा आणि आकडे इथे टाका. स्टेल्थवरच. बाकीचं त्यावरून ठरवू.

एलिव्हेशनवाला, इंदिरानगर

करून पाहिलं. दुपारीच, खोलीत ३५. काच लावलेली असताना ९० आणि ३.५ गिगाहर्ट्झ. काच काढल्यावर ८४ ला स्थिरावलं आणि क्लॉक ३.८ पर्यंत चढला. एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं. प्रोसेसरच्या वरच्या धातूच्या पत्र्यापासून बाजूच्या काचेपर्यंत पट्टीने मोजलं, १६१ भरलं. पुढच्या काचेच्या कडेला हवा घ्यायला फट आहे, पण बोटसुद्धा जात नाही तिच्यात.

पानापकड, सिडको

मग निम्मा प्रश्न कॅबिनेटचाच निघाला. खिडक्या लावून डेझर्ट कूलर चालवला की खोली कोंदटते, तसं तुमच्या कॅबिनेटचं झालंय. आत यायला वाट नाही, त्यामुळे तीच तापलेली हवा आत फिरत राहते. यात पाच हजारांचा कूलर टाकलात तरी त्याला तीच हवा मिळणार.

त्यामुळे पैसे असे वाटा: दोन-अडीच हजारांच्या घरातला सिंगल टॉवर, आणि उरलेल्यातून पुढे जाळीचं कॅबिनेट. ते आत्ता नको असेल तर पुढची काच काढून तिथे जाळी बसवून घ्या, फ्रेम ठेवून तेवढं काम करून देणारे मिळतात. पुढे अजून एक १२० चा पंखा लावा. ग्राफिक्स कार्डालाही त्याचा फायदा होईल.

मोल्डवाली, अंबड

जाळी लावा, पण तिच्या आत धूळ अडवणारी बारीक गाळणी असू द्या. आमच्या टूलरूमच्या डिझाइन केबिनमध्ये कॅड-कॅमची मशीन आहेत. शॉपफ्लोअरवरचं तेलाचं धुकं दारातून आत येतं आणि त्यावर धूळ बसते. ती कुठे बसते हे बघण्यासारखं असतं: पंखा आणि पत्रे यांच्या मधल्या सांध्यात. बाहेरून पंखा स्वच्छ दिसतो, पत्र्यांची मागची बाजूही स्वच्छ दिसते. पंख्याच्या क्लिपा काढल्या की आत पत्र्यांच्या तोंडावर राखाडी नमद्यासारखा थर असतो, नखाने धरला की अख्खा सोलून येतो. एका मशीनचं तापमान त्या थरामुळेच वाढलं होतं, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट बदलून काहीही झालं नव्हतं.

घरात तेल नसेल, पण हायवेच्या बाजूची धूळ इंदिरानगरलाही आहेच. होळीनंतर एकदा आणि पावसाच्या आधी एकदा पंखा उतरवून साफ करा. ब्लोअर मारताना पातं बोटाने धरून ठेवा, गरगरा फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. आणि खोलीत डेझर्ट कूलर असेल तर त्याचा झोत कॅबिनेटवर घेऊ नका. ओलसर हवेत धूळ पत्र्यांना आणखी चिकटते.

एलिव्हेशनवाला, इंदिरानगर

ताई, हे फार उपयोगाचं सांगितलंत. एके४०० मागवतोय, जाळीचं कॅबिनेट एम. जी. रोडवर बघून येतो. आता स्टेल्थ काढायचा आहे. हे काम मी स्वतः करू की कुणाकडून करून घेऊ?

पानापकड, सिडको

स्वतः करा, फक्त घाई करू नका. तुमच्यासारख्या एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात, आणि सॉकेटची खिट्टी त्यांना हलकंच धरते. वाळलेली पेस्ट तिच्यापेक्षा जास्त घट्ट धरते. थंड मशीनचा कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो, आणि दोन-चार पिना वाकतात. वाकलेल्या पिना सरळ करायला माझ्याकडे बरेच जण येतात, सगळ्याच सरळ होत नाहीत.

म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं रेंडर चालवून पेस्ट मऊ होऊ द्या. मग बंद करा, वायर काढा, कॅबिनेट आडवं झोपवा. चार स्क्रू एकदम एकेक पूर्ण काढू नका, तिरके समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत या. स्टेल्थचे स्क्रू बोर्डामागच्या पट्टीत गेलेले असतात, ते सुटले की मागची पट्टी सुटी होते. ती एका हाताने धरून ठेवा, कारण नव्या कूलरलाही तीच लागणार आहे. मग कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवा. सैल झाल्याचं हाताला कळतं. तेव्हाच उचला.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एके४०० च्या तळाला नळ्या थेट प्रोसेसरला टेकतात, त्यामुळे नळ्यांच्या मधे बारीक खाचा असतात. त्या खाचांत आधी पेस्टचा पातळ हात फिरवा, मग प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याएवढा थेंब. तळावरचं प्लॅस्टिकचं आवरण काढायला विसरू नका. पंख्याचं तोंड कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा मागच्या पंख्याकडे. पंख्याच्या ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे दिसतात, हवा त्या बाजूने बाहेर पडते, त्यावरून दिशा ओळखा. वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या चार पिनांच्या जागेत.

आणि यापुढे कॅबिनेट रिक्षातून कुणाकडे न्यायचं झालं तर आडवं झोपवून न्या. कूलरचं वजन अर्ध्या किलोवर आहे, खड्ड्यात बोर्डाला हिसका बसतो.

एलिव्हेशनवाला, इंदिरानगर

झालं मंडळी. कूलर बसला, काच बंद झाली, रॅम कुठेही अडली नाही. जाळीचं कॅबिनेट घेतलं, पुढे दोन पंखे, आत गाळणी. काल दुपारी खोलीत ३६ असताना तोच सीन लावला: ७१ ते ७३, आणि क्लॉक ४ गिगाहर्ट्झच्या आसपास शेवटपर्यंत. सगळ्यांचे मनापासून आभार.

एकच खटकतंय. रेंडर चालू असताना आवाज एकसारखा, छान आहे. पण नुसतं ब्राउझर उघडलं की पंखा एकदम भणभणतो आणि दोन सेकंदांनी गप्प होतो. दिवसभर हेच.

पानापकड, सिडको

बिघाड नाही तो. या पिढीचे प्रोसेसर छोट्या कामालाही क्षणभर पूर्ण वेगाने धावतात, ४.६ पर्यंत, आणि तापमान ४५ वरून ६० ला उडी मारून परत येतं. पंखा त्या प्रत्येक उडीमागे पळतोय. बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) सीपीयू फॅनच्या पानावर जा. ६० पर्यंत सपाट ४० टक्के ठेवा, ७५ ला ७० टक्के, ८२ ला शंभर. तिथेच 'स्टेप अप' नावाची वेळ असेल तर ती तीन-चार सेकंदांवर न्या. म्हणजे तेवढा वेळ तापमान टिकलं तरच पंखा वाढेल. कूलरच्या पत्र्यांना तापायला तसाही त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे प्रोसेसरला धोका काही नाही.

रात्रीच्या ॲनिमेशनची कामं आता घ्यायला हरकत नाही. पहिल्या रात्री एचडब्ल्यूइन्फोची नोंद चालू ठेवून झोपा आणि सकाळी कमाल तापमानाचा रकाना इथे टाका.