आईवडिलांचा मान राखायचा म्हणजे वर्षश्राद्धाला बसायचं का? (बडोदा)

दांडियाबाजारवाला

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, धर्मांतर बरोबर की चूक ह्यावर धागा काढलेला नाही, त्यासाठी दुसरे धागे ढिगाने पडलेत, तिकडे जाऊन भांडा.

मी मूळचा दांडिया बाजारातला, घर अगदी बडोद्याचं जुनं मराठी ब्राह्मण घर, आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत, घरात सोवळंओवळं सगळं. लग्नाच्या आधीच मी बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या मर्जीने, कोणी पैसे दिले नाहीत की काही नाही. बायको आणंदकडची, गुजराती मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट. आम्ही फतेगंजला चर्चला जातो. आईबाबांनी त्या वेळी खूप मनाला लावून घेतलं पण संबंध तोडले नाहीत, नातवंडं झाल्यावर तर आईच दर रविवारी फोन करून विचारायची, झालं का रे तुमचं चर्च, मग जेवायला या.

आई मागच्या साली गेली. खासवाडी स्मशानात अग्नी मीच दिला, त्यावर आमचे पाळकसाहेब (चर्चचे पाद्री) काहीच बोलले नाहीत, उलट स्वतः येऊन बाबांजवळ बसले होते. आता वर्षश्राद्ध आलंय. बाबा म्हणतात नर्मदाकाठी चांदोदला जाऊन तू पिंड द्यायचे, एकुलता एक मुलगा आहेस. पाळकसाहेब म्हणतात अग्नी देणं वेगळं आणि पिंड देणं वेगळं, ह्यात बसू नकोस. बाबा रिटायर्ड मास्तर, त्यांनी माझंच बायबल उघडून निर्गम २०:१२ वर बोट ठेवलं, म्हणाले तुझ्याच पुस्तकात लिहिलंय ना बापाचा आणि आईचा मान राख, मग राख की. आता ह्याला काय बोलणार.

तर ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा, मान राखणं म्हणजे ते सांगतील ते करणं का, आणि तेही चाळिशीच्या, पोरंबाळं असलेल्या माणसाने?

फतेगंजकर_जुना

भाऊ, स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. १ करिंथकरांस १०:२० वाच, परराष्ट्रीय जे अर्पण करतात ते देवाला नाही, भुतांना करतात. पिंड हे अर्पण आहे, नुसती आठवण नाही, त्यात मंत्र आहेत, संकल्प आहे, कोणाला पोचावं म्हणून देतोय ते नाव घेऊन सांगितलेलं आहे. ख्रिस्ती माणसाला हे चालत नाही. इफिसकरांस ६:१ मध्ये आईबापांच्या आज्ञेत राहा म्हटलंय पण तिथे ‘प्रभूमध्ये’ हा शब्द आहे तो लोक सोयीने गाळतात. आणि मत्तय १०:३७, जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर जास्त प्रेम करतो तो मला योग्य नाही. ह्याच्यापुढे काय उरलं?

पण बाबांना गाडीतून चांदोदला तूच घेऊन जा. ड्रायव्हर करून पाठवू नकोस.

वसईची_लेक

मी कॅथलिक, माहेर वसई, नवऱ्याच्या आयपीसीएलच्या (पेट्रोकेमिकल कंपनी) नोकरीमुळे बडोद्यात आलो आणि इथलेच झालो. आधी एक गंमत, दहा आज्ञांमधली ही तुमच्याकडे पाचवी आज्ञा, आमच्याकडे चौथी, क्रमांक लावायची पद्धत वेगळी आहे, आज्ञा तीच. माझ्या मुलाचं ह्यावरून शाळेत मेथडिस्ट मित्राशी भांडण झालं होतं.

आज्ञा पाळणं आणि मान राखणं ह्या दोन गोष्टी आमच्या चर्चच्या धर्मशिक्षणात सरळ वेगळ्या करून सांगितल्यात. कॅथलिक चर्चचा कॅटेकिझम (शिकवणुकीचं अधिकृत पुस्तक), परिच्छेद २२१७: मूल मोठं होऊन स्वतःच्या पायावर उभं राहिलं की आज्ञापालन संपतं, आदर मात्र कधीच संपत नाही. त्यामुळे तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर माझ्या मते ‘नाही’ असंच आहे, सांगतील ते सगळं करणं म्हणजे मान नाही.

आता मेलेल्यांचं. हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही हो. चीनमध्ये ख्रिस्ती झालेल्या लोकांनी पूर्वजांच्या नावाच्या पाटीपुढे वाकायचं की नाही ह्यावरून मिशनऱ्यांमध्ये शंभर वर्षांच्या वर भांडण चाललं, जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) म्हणायचे हा घरगुती आदर आहे, दुसरे म्हणायचे ही पूजा आहे, शेवटी १७१५ मध्ये पोप अकराव्या क्लेमेंटनी बंदी घातली आणि १७४२ मध्ये ती आणखी पक्की झाली, आणि मग एकदम १९३९ मध्ये बाराव्या पायसच्या काळात रोमने सांगितलं की मृताच्या फोटोपुढे किंवा पाटीपुढे नुसतं आदराने वाकायला हरकत नाही. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं लोकांना आईबापापुढे वाकू दिलं नाही आणि मग म्हणाले वाका. पिंडाला परवानगी आहे असं मी म्हणत नाहीये, कृपया तसं वाचू नका. पण आदर आणि पूजा ह्यांच्यामधली रेघ कुठे काढायची ह्यात भलेभले अडकलेत एवढंच.

आम्ही २ नोव्हेंबरला कबरस्तानात जातो, मेणबत्त्या लावतो, मृतांसाठी प्रार्थना करतो. तुमच्याकडे ते नाही, माहीत आहे.

फतेगंजकर_जुना

आमच्याकडे नाही कारण बायबलमध्ये नाही. असो, तो वाद नको इथे.

नगरी_पाव्हणा

आमचं घराणं नगरकडचं, तीन-चार पिढ्यांचं ख्रिस्ती, मी इथे नोकरीला. मला ह्या सगळ्या चर्चेत एक वेगळंच खटकतंय, आज्ञा कोणाला दिली आहे हे कोणी बघत नाही. आपण लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ केली म्हणून आपल्याला वाटतं ती पोरांसाठी आहे, गप बस, बाबा सांगतात ते ऐक. पण त्याच यादीत खाली बघा, शेजाऱ्याची बायको, त्याचा बैल, त्याचं गाढव ह्यांचा लोभ धरू नको. हे शाळकरी पोराला सांगतात का? ती सगळी यादी घरदार असलेल्या मोठ्या माणसांना दिलेली आहे. म्हणजे मान राखायचा तो म्हाताऱ्या आईबापांचा, ज्यांचं आता काही चालत नाही त्यांचा. नीतिसूत्रे २३:२२ मध्ये पण तेच, आई म्हातारी झाली म्हणून तिला तुच्छ मानू नको.

आणि येशूने स्वतः ही आज्ञा कुठे काढली ते बघा, मार्क ७ आणि मत्तय १५. परूशी लोकांनी (त्या वेळचे कडक यहुदी धर्मपुढारी) एक पळवाट काढली होती, आईबापांना द्यायचे पैसे ‘कुर्बान’ म्हणून जाहीर करायचे, म्हणजे देवाला वाहिले, मग ते आईबापांना द्यायला नकोत. येशू चिडला तो ह्यावर. लक्षात घ्या, तिथे विषय वाकून नमस्कार करायचा नाही, विषय खर्चाचा आहे, म्हाताऱ्यांच्या जेवणाखाण्याचा. धर्माचं कारण सांगून आईबापांचा वाटा टाळला ह्याचा त्याला राग. १ तीमथ्य ५:८ तर त्याहून कडक, जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. आणि वधस्तंभावर जीव जात असताना त्याने काय केलं, आईला योहानाच्या हवाली केलं, आजपासून ही तुझी आई. योहान १९. तिची राहायची सोय लावली.

म्हणून दांडियाबाजारवाले, श्राद्धाचं नंतर बघू, तुम्ही आधी एक सांगा. बाबा राहतात कोणाजवळ? स्वयंपाक कोण करतं? गोळ्या कोण बघतं? मी कितीतरी विश्वासू मंडळी बघितलीत, चर्चच्या बिल्डिंग फंडात नाव पहिलं आणि गावाकडच्या आईचा मोतीबिंदू पिकून चाललाय.

कायद्याचं म्हणाल तर २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा सगळ्या धर्मांना सारखा लागू आहे, आईबाप प्रांत अधिकाऱ्याच्या ट्रिब्युनलकडे अर्ज करू शकतात, महिना १०,००० पर्यंत पोटगी बसते. कायद्यालासुद्धा तुमचा धर्म विचारावासा वाटला नाही.

दांडियाबाजारवाला

तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. बाबा दांडिया बाजारातल्या घरी एकटे, आम्ही वाघोडिया रोडला फ्लॅटमध्ये. आमच्याकडे यायला तयार नाहीत कारण आमच्या किचनमध्ये अंडं-मटण होतं. बायकोने वेगळी शेगडी घेतली, वेगळी भांडी घेतली, त्यांना दाखवली पण, म्हणाले बघू. डबा मी रोज ऑफिसला जाताना देतो, बायको कांदालसूण न घालता करते, ते उघडून आधी वास घेतात आणि मग खातात. डबा परत देताना धुऊन, पुसून, आत चमचाभर साखर घालून देतात, रिकामा डबा द्यायचा नाही ही आईची पद्धत. बीपीच्या गोळ्या मी आठवड्याच्या काढून ठेवतो.

पण त्यांच्या लेखी हे सगळं एका बाजूला आणि पिंड एका बाजूला. म्हणतात, माझं करशील रे, तिचं कोण करणार.

रावपुऱ्याच्या_काकू

मी हिंदू आहे, चालेल ना बोललेलं? अरे बाबा, तुम्ही सगळे पुस्तकं काढून बसलात पण साधी गोष्ट कोणी सांगत नाही. बायकोचं श्राद्ध नवरा करू शकतो. आमच्याकडे आत्याचं वर्षश्राद्ध तिच्या यजमानांनीच केलं कारण मुलगा अमेरिकेत, त्याला सुट्टी मिळेना. गुरुजींना विचार, ते नाही म्हणणार नाहीत. मुलानेच करायचं ही इच्छा झाली, अडलेलं काही नाही. तुझे बाबा बसतील, तू बाजूला उभा राहा, तीळ-तांदूळ-दर्भ काय लागेल ते पुढे कर, उन्हात पायऱ्यांवर त्यांचा हात धर. त्या घाटाच्या पायऱ्या काय सोप्या आहेत का म्हाताऱ्या माणसाला.

आणि गुरुजींची दक्षिणा तू दे. ती तुझ्या खिशातून जाऊ दे.

फतेगंजकर_जुना

काकू, हात धरण्याला ना नाही. साहित्य पुढे करणं म्हणजे भाग घेणंच झालं.

वसईची_लेक

मग नामानाचं काय करायचं? २ राजे ५. अरामचा सेनापती, कोडातून बरा झाला, खऱ्या देवाला मानायला लागला आणि जाताना अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हातावर टेकून वाकतो तेव्हा मलाही वाकावं लागतं, तेवढं देवाने मला माफ करावं. अलीशा लेक्चर देत नाही. शांतीने जा म्हणतो.

फतेगंजकर_जुना

बरं झालं तुम्हीच काढलंत. वरचं १७ वं वचन वाचा. तो आधीच सांगून टाकतो की ह्यापुढे मी दुसऱ्या कुठल्या देवाला होम किंवा यज्ञ करणार नाही. अर्पण नाही म्हणजे नाही. मागतोय तो फक्त धन्याला हात द्यायची मुभा. मी पहिल्यापासून तेच म्हणतोय, गाडी ने, हात दे, पिंड देऊ नको.

नगरी_पाव्हणा

म्हणजे तुम्ही आणि काकू एकाच ठिकाणी आलात की, फक्त तीळ-तांदळावर अडलंय.

निनावी_सदस्य

थोडं बाजूचं विचारते. इथे सगळ्यांचे आईवडील चांगले दिसतायत. माझे वडील दारू पिऊन आईला मारायचे, आम्हाला मारायचे, चर्चमध्ये मात्र पहिल्या बाकावर. आता पॅरालिसिस झालाय आणि नातेवाईक मला हीच आज्ञा ऐकवतात, घरी आण, सेवा कर, क्षमा कर. माझ्या मुली लहान आहेत, त्यांना त्या माणसाबरोबर एका घरात ठेवायची माझी इच्छा नाही. मी पण आज्ञा मोडतेय का?

नगरी_पाव्हणा

ताई, नाही. ज्या पानावर मुलांना सांगितलंय त्याच पानावर बापांना पण सांगितलंय, इफिसकरांस ६:४, मुलांना चिरडीस आणू नका, आणि कलस्सैकरांस ३:२१ मध्ये ती खचून जातील म्हणून. हे वचन नातेवाईकांना कधी पाठ नसतं. बाप उपाशी राहू नये, औषधपाणी व्हावं हे बघा, जमेल तसे पैसे द्या, माणूस ठेवा, एखाद्या होममध्ये सोय करा. घरात आणायलाच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. क्षमा केली तरी मुलींच्या खोलीची कडी तुम्हीच लावायची. आणि झालं ते झालंच नाही असं बोलायची सक्ती कोणी करत असेल तर त्याला मान राखणं म्हणत नाहीत.

फतेगंजकर_जुना

ह्याच्याशी पूर्ण सहमत. ताई, मुली आधी.

वसईची_लेक

माझ्याकडून पण. आणि पहिल्या बाकावरची माणसं आमच्याकडेही आहेत.

दांडियाबाजारवाला

अपडेट. काकूंनी सांगितलं तसं गुरुजींना फोन केला, ते म्हणाले यजमान स्वतः बसू शकतात, काही प्रश्न नाही. बाबांना सांगितलं तर आधी दोन दिवस बोलले नाहीत. मग म्हणाले, ठीक आहे, मी बसतो, पण तू उभा राहायचंस, गाडीत बसून मोबाईल बघायचा नाही. मी म्हटलं उभा राहीन, पिंड मात्र माझ्या हातून नाहीत, तुम्हाला खोटं सांगून हातात घेतले तर ते आईलाही आवडणार नाही. त्यावर म्हणाले, तिला तू खोटं बोललेलं लगेच कळायचं. झालं, तो विषय तिथेच. पाळकसाहेबांनाही सांगितलं, ते म्हणाले मी पण येऊ का बरोबर, मी म्हटलं नको हो, आधीच गाडीत गुरुजी आहेत.

आता नवीन लफडं. डभोईच्या पुढे जाऊन विधी उरकला की तिथेच जेवण आहे, बाबा म्हणतात तू पानावर बसायचंस. पौल म्हणतो पुढे वाढलेलं खा, उगाच विचारत बसू नका, पण कोणी सांगितलं की हे वाहिलेलं आहे तर खाऊ नका, १ करिंथकर १०:२७-२८. इथे तर मला न विचारताच माहिती आहे की श्राद्धाचं आहे.

फतेगंजकर_जुना

नको बसू. घरून डबा ने.

रावपुऱ्याच्या_काकू

आईच्या नावाच्या जेवणाला डबा घेऊन जाणार?? अरे निदान खीर तरी खा. गुरुजींना विचार काय वाहिलेलं असतं आणि काय नुसतं रांधलेलं असतं, सगळंच काही पिंडापुढे ठेवत नाहीत.

दांडियाबाजारवाला

हे विचारतो. थँक्यू काकू.