धान्यवाटपाचे फोटो काढणं थांबवावं का?

गिरीजकर
ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामात (म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) गरजूंना धान्य देतात. यंदा प्रत्येकाचा पिशवी घेताना फोटो काढला आणि रात्री सगळे फोटो ग्रुपवर आले. एका फोटोत पदराने अर्धा चेहरा झाकलेली बाई आहे. ती माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई. मला रात्रभर झोप आली नाही.

येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले (योहान 13), त्याची आठवण आपण दर पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, करतो. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हेही त्याचंच सांगणं. फोटो बंद व्हावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशेबवाली
आमच्याकडचं वाटप मी सांभाळते. तुमचं दुःख समजतं, पण मत पटत नाही. आमचे निम्मे पैसे आखातातल्या मुलांकडून येतात. काही दिसलं नाही की पुढच्या वर्षी हात आखडतात. गाजावाजा नको म्हणणं सोपं आहे हो.

पंडिता रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या, ठिकठिकाणी बोलल्या, पुस्तक लिहिलं, मदत उभी केली. म्हणून 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन, विधवांसाठीची निवासी शाळा, निघालं. त्या गप्प राहिल्या असत्या तर?

गिरीजकर
त्यांनी विधवांची दशा जगाला सांगितली. इथे शेजारणीचं दारिद्र्य तिच्याच गल्लीला दाखवलंय. दोन्ही एकच कसं?

दौंडची
मला वेगळंच खुपतं. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली दौंडजवळ केडगावला, आपल्या आश्रमात आणल्या. त्या मुली नुसत्या पानावर बसल्या नाहीत. शेतात राबल्या, विणकाम शिकल्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात बायकांनी जुळवलं, छापलं. आपल्या वाटपात मात्र देणारे कायम टेबलाच्या अलीकडे, घेणारे पलीकडे. पिशव्या भरायला, यादी करायला त्यांनाही बोलवा की!

आगाशीचा
ऐंशीच्या आजीला पिशव्या भरायला बोलावणार? तिला आधी जेवू द्या.

आणि फोटोंचं म्हणाल तर पोप फ्रान्सिस 2013 च्या पवित्र गुरुवारी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात गेले, बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, एक मुसलमान. जगाने ते पाहिलं म्हणून तर कितीतरी जणांना धीर आला. 2016 मध्ये स्त्रियांचे पाय धुण्याची मुभा चर्चच्या नियमातच आली. दाखवणं म्हणजे मिरवणं नव्हे.

गिरीजकर
ती चित्रफीत परत बघा. मुलं अल्पवयीन, म्हणून चेहरे दाखवलेच नाहीत. पाय दिसतात, पाणी दिसतं आणि वाकलेले पोप दिसतात. मी तेवढंच मागतोय. किती किलो तांदूळ, किती घरं, दुकानदाराचं बिल, सगळं पाठवा. घेणाऱ्याचा चेहरा नको.

हिशेबवाली
बरं, यंदा बिलं आणि आकडे पाठवून बघते, फोटो नाही. पण त्यामुळे पाच पिशव्या कमी पडल्या, तर कुठल्या पाच घरी नाही सांगायचं ते ठरवायला तुम्हीही माझ्याबरोबर या.

गिरीजकर
येतो. त्या पाच पिशव्यांसाठी आधी माझ्या गल्लीत फिरतो.