चर्चा: थरांची फोमची गादी घरी जुळवावी की तयार घ्यावी?

मोजपट्टी

तयार गादी घेताना आपण जाडी, कापडाची नक्षी आणि वॉरंटीची वर्षं बघतो. आत कुठल्या जातीचा फोम किती किलो भरलाय, हे पावतीवर बहुतेक वेळा नसतंच. सुटे थर घेतले की आधी हेच कळतं. म्हणून ज्यांच्या जवळपास फोमचा घाऊक दुकानदार आहे त्यांनी गादी घरीच जुळवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हिशोब मांडतो. ७२ बाय ६० इंचाचा एक इंच जाड थर म्हणजे ०.०७०८ घनमीटर. डेन्सिटी म्हणजे एका घनमीटरचं किलोतलं वजन. म्हणजे ३२ डेन्सिटीचा एक इंच थर सुमारे २.३ किलो भरला पाहिजे आणि ४० डेन्सिटीचा २.८ किलो. दुकानात काटा असतोच, थर त्यावर ठेवायला सांगा. ३२ म्हणून २३ डेन्सिटीचा माल दिला असेल तर वजन १.६ किलोवर येतं आणि वादाला जागाच उरत नाही.

रचना अशी: खाली ४ इंच रिबॉन्डेड म्हणजे फोमचा चुरा दाबून केलेला थर (१०० डेन्सिटी, २८.३ किलो), मध्ये २ इंच एचआर म्हणजे हाय रेझिलियन्स, दबून चटकन वर येणारा फोम (४० डेन्सिटी, ५.७ किलो), वर २ इंच लॅटेक्स म्हणजे रबराचा फोम (८० डेन्सिटी, ११.३ किलो). दर गावागणिक आणि दुकानागणिक बदलतात. हिशोबापुरते रिबॉन्डेड किलोला १५०, एचआर ३५० आणि लॅटेक्स ८०० रुपये धरा. बेरीज १५,३०० च्या आसपास. खोळ शिवायला ३,००० धरले तर १८,३००. हेच तीन थर, हीच डेन्सिटी सांगून तयार गादीचा भाव विचारा आणि फरक बघा.

थर एकमेकांना चिकटवू नका. आधी दबतो तो वरचा किंवा मधला थर. तो एकटा बदलता आला पाहिजे, खरी बचत तिथे आहे.

सरळपाठ

मोजपट्टी, वजनाचा हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. डेन्सिटीवरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो, तो किती कडक आहे याचा नाही. ४० डेन्सिटीचाच एक फोम मऊ येतो आणि दुसरा टणक. पाठीला फरक पडतो तो कडकपणाने, आणि सुट्या फोमच्या दुकानात तो ‘सॉफ्ट, मीडियम, हार्ड’ एवढ्यावरच विकला जातो. एकाचं मीडियम ते दुसऱ्याचं हार्ड.

दुसरं, वजनावर विसंबू नका. स्वस्त फोममध्ये खडूची भुकटी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट घालतात. काट्यावर ४० दिसतं, पण वाढलेलं वजन भुकटीचं असतं, त्याने फोमला ताकद येत नाही. असा फोम लवकर बसतो आणि कंबरेखाली खड्डा पडतो.

तिसरं, कापून घेतलेला फोम कोणीही परत घेत नाही. तयार गादी विकणारे बरेच जण हल्ली १०० रात्री वापरून परत करायची सोय देतात. चुकीची निवड झाली तर हजारो रुपयांचा फोम घरात पडून राहणार, हे तुमच्या हिशोबात कुठे आहे? जीएसटी आणि टेम्पोभाडंही धरलेलं नाही.

मोजपट्टी

जीएसटी आणि टेम्पो धरायला हवेत, मान्य. दर विचारतानाच ‘पक्क्या बिलासह’ असं विचारावं.

भुकटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण ती ओळखता येते. फोमच्या कापलेल्या कडेवर अंगठा जोरात घासा, पांढरी पूड लागली तर माल नको. कोपरा चिमटीत धरून ताणा. चांगला फोम ताणला जातो आणि मग फाटतो, भुकटीचा लगेच तुटतो. एचआर आहे म्हणून सांगत असतील तर बेअरिंगची स्टीलची गोळी दीड फुटावरून टाका, खाली किमान दोन इंच जाडी हवी. खऱ्या एचआरवर ती निम्म्याहून अधिक उंच उडते, साध्या फोमवर तेवढी उडत नाही. काटा, अंगठा आणि गोळी या तिन्हींतून पास झालेला फोम सहसा फसवत नाही.

कडकपणाचं म्हणाल तर तिन्ही थर दुकानाच्या फरशीवर एकावर एक रचून घ्या आणि नेहमी झोपता त्या कुशीवर पंधरा मिनिटं पडा. दोन मिनिटांत काही कळत नाही. उताणं झोपल्यावर कंबरेखालून तळहात सहज आरपार गेला तर वरचे थर जास्त कडक आहेत. हात घालायलाच जागा नसेल आणि कंबर खाली गेल्यासारखी वाटत असेल तर ते फार मऊ आहेत. आणि हे घरी आल्यावर कळलं तरी थर चिकटवलेले नसल्यामुळे मार्ग राहतो. लॅटेक्स मध्ये आणि एचआर वर, असा नुसता क्रम बदलला तरी गादी वेगळी लागते. तयार गादीत ही मुभा नाही.

दोरासुई

इथे सगळे फोमवरच बोलताहेत. घरी जुळवलेल्या गाद्या बिघडतात त्या खोळीमुळे.

वर जाड, न ताणणारं क्विल्टिंगचं (अस्तरासकट शिवलेलं) कापड घट्ट बसवलं तर दोन इंच लॅटेक्सचे पैसे वाया. अंगाचा भार कापडावरच पेलला जातो, खालचा फोम दबतच नाही आणि गादी फळीसारखी लागते. वरच्या बाजूला विणीचं, ताणलं जाणारं निटेड कापडच घ्या. बाजूच्या पट्ट्या आणि तळ जाड कापडाचे चालतील.

चेन तीन बाजूंनी हवी. ७२, ६० आणि ७२ मिळून २०४ इंच होतात, म्हणजे थोडी जास्तीची धरून साडेपाच मीटर चेन आणि दोन रनर. कुशनला लावतात ती ५ नंबरची चेन इथे टिकत नाही, ८ नंबरची घ्या. एकाच बाजूला चेन ठेवली तर ४५ किलोचे थर खोळीत सरकवताना लॅटेक्स फाटतो. लॅटेक्स एका टोकाला धरून ओढला की तो चिरतोच, दोघांनी खाली हात घालून उचलायचा.

सुती कापड असेल तर आधी धुऊन वाळवून मगच बेता, नाहीतर पहिल्याच धुलाईत आटतं आणि चेन लागत नाही. शिवताना खोळीची लांबी-रुंदी फोमपेक्षा अर्धा इंच कमी ठेवा म्हणजे थर सरकत नाहीत. हे सगळं बघता मोजपट्टींनी खोळीचे धरलेले ३,००० मला कमीच वाटतात. निटेड कापड, चेन आणि मजुरी धरून शिंप्याकडून आधीच भाव घ्या.

आतून एक पातळ सुती खोळही हवी. ती लॅटेक्सला उजेडापासून वाचवते. लॅटेक्सवर ऊन आणि हवा लागत राहिली की वरचा पापुद्रा पिवळा पडून भुगा सुटतो. म्हणून त्याला उन्हात घालू नये. कापसाच्या गादीची सवय इथे चालत नाही.

खाडीकाठ

कोकणपट्टीसाठी आणि गोव्यासाठी वेगळं लिहिणं भाग आहे. आपल्याकडचे बॉक्स पलंग सलग प्लायचे असतात. अंगाची वाफ खाली जाते, प्लायवर अडते आणि पावसाळ्यात तळाला काळी बुरशी धरते. रिबॉन्डेड हा चुऱ्याचा दाबलेला फोम. तो ओला झाला की आतपर्यंत वाळायला फार वेळ लागतो.

प्लायला दर सहा इंचांवर एक इंचाची भोकं पाडून घ्या, किंवा फळ्या टाका आणि फटी तीन इंचांच्या आत ठेवा. त्याहून मोठ्या फटीत थर खाली उतरतो. ज्यांना जमेल त्यांनी तळाला रिबॉन्डेडऐवजी रबराइज्ड कॉयरचा, म्हणजे रबर लावलेल्या काथ्याचा थर घ्यावा. त्यातून हवा खेळते. तो कालांतराने कंबरेखाली दबतो हे खरं, पण सुटा असेल तर पालटून आणि फिरवून वापरता येतो.

रिबॉन्डेडमध्येही जाती आहेत. कापलेल्या कडेकडे नीट बघा. रेक्झिनचे तुकडे, कापडाच्या चिंध्या दिसल्या तर तो सोडा. कडेचे दाणे बोटाने उपटून निघत असतील तर चिकटवणारं द्रव्य कमी आहे, काही महिन्यांत कड ढासळते.

वऱ्हाडी_ऊन

लॅटेक्स परवडत नाही म्हणून कोणी वर मेमरी फोम टाकणार असेल तर विदर्भ-मराठवाड्यात तरी थांबा. मेमरी फोम तापमानाने बदलतो. मे महिन्यात तो इतका सैल होतो की अंग रुततं आणि कुशी बदलायला जोर लावावा लागतो. डिसेंबरात पहाटे तोच टणक. वर उष्णता धरून ठेवतो ते वेगळंच.

माझ्या मते लॅटेक्सही सगळ्यांना लागत नाही. ४ इंच रिबॉन्डेड आणि वर २ इंच एचआर ४० एवढंच करा. मोजपट्टींच्याच दरांनी फोम सव्वासहा हजारांत येतो. पाठीवर झोपणाऱ्याला सहा इंच पुरतात. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा खाली जायला जागा लागते, त्याने एचआर ३ इंच करावा, मऊ जातीचा.

सरळपाठ

हे वाचून माझा मुद्दा अधिकच पक्का झाला. बुरशी, चेन, कापडाचा ताण, भुकटी, हवामान, एवढं सांभाळून बचत करायची असेल तर ती वेळ असणाऱ्यांनीच करावी. कंबरदुखीचा त्रास असलेल्यांनी आणि ज्येष्ठांनी तरी परत करता येणारी तयार गादीच घ्यावी. शिवाय १० वर्षांची वॉरंटी.

मोजपट्टी

ज्येष्ठांच्या बाबतीत तुमच्याशी अर्धा सहमत. तिथे मी उंचीही मोजायला सांगेन. पलंग १४ इंच आणि गादी ८ इंच म्हणजे २२ होतात आणि पाय जमिनीला टेकत नाहीत. एकूण १८ ते २० ठीक.

वॉरंटीचा कागद मात्र वाचाच. खड्डा ठरावीक खोलीचा झाला तरच दावा मान्य, आणि ती खोली गादीवर कोणी नसताना मोजतात. अंगाखाली दोन इंच दबून सकाळी पुन्हा वर येणारा थकलेला फोम त्यात बसत नाही. डाग पडला किंवा खालचा पलंग त्यांच्या अटींप्रमाणे नसला तर दावा फेटाळला जातो. सुट्या थरांत तो एक थर बदलायचा खर्च मला आधीच माहीत असतो.

कोपरापट्टी

एक शंका. आमच्याकडे ७२ बाय ३६ च्याच शीट मिळतात. ६० इंच रुंदी कशी जुळवायची? एसआर सोल्यूशनने (फोमला लावतात त्या रबरी गोंदाने) चिकटवलं तर चालेल का?

दोरासुई

फक्त तळाच्या थरात चालेल. रिबॉन्डेडची एक पूर्ण शीट आणि दुसरीतून ७२ बाय २४ चा तुकडा, सांधा लांबीत. सोल्यूशन दोन्ही कडांना पातळ लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा आणि मग दाबा. ओलं असताना जोडलं तर पकडत नाही आणि जास्त लावलं तर वाळून कडक रेघ होते. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको, त्याची वाफ पेट घेते.

वरच्या दोन थरांत सांधा नकोच, तो पाठीला लागतो. त्यासाठी ६० इंची अखंड थर दुसऱ्या गावाहून मागवावा लागला तरी मागवा. मधला थर जोडावाच लागला तर सांधा तळाच्या सांध्यावर येऊ देऊ नका. ३६ चा तुकडा तळात डावीकडे असेल तर मध्ये उजवीकडे ठेवा, दोन सांध्यांत १२ इंचांचं अंतर पडतं. घरी कापायचा असेल तर लांब, पातळ पात्याची सुरी घ्या. न दाबता लांब ओढीत, दोन-तीन फेऱ्यांत कापा. एका दमात दाबून कापलं की फोम दबतो आणि कड तिरकी येते.