शब्दचर्चा: बाळंतपणात 'काटक' म्हणजे काय?

शहादा: अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या बाळंतपणावर मराठीत लिहितेय. तिथल्या सरकारी आकडेवारीत २०२३ साली दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या, गोऱ्या १४.५. कृष्णवर्णीय बाया सोसणाऱ्याच असतात असं धरून त्यांचं दुखणं मनावर घेतलं जात नाही. इथे 'काटक' चालेल? तो तर स्तुतीचा शब्द.

धुळे: म्हणूनच तो घ्या. अंगाने सडसडीत पण कष्टाला न हटणारी ती काटक. धट्टीकट्टी म्हटलं की भरलेलं अंग आलं, आणि कणखर हे जास्त करून मनाबद्दल. आपल्या अहिराणीतही 'बाई भलती काटक शे' हे कौतुकच. निंदणी-कापणीच्या वेळी ते शोभतंही. दवाखान्यात त्याचं निदान होतं, तिथे घात.

जळगाव: 'चिवट' का नको?

धुळे: चिवट माणूस हट्टाने टिकतो. काटकपणा जन्मजात, अंगातलाच समजतात. २०१६ च्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात जवळपास निम्म्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आणि निवासी डॉक्टरांनी 'कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते' यासारखा निदान एक खोटा समज खरा धरला होता. तो समज अंगाबद्दलचाच आहे.

नंदुरबार: धडगाव-अक्कलकुवा भागात बरीच वर्षं परिचारिका होते, म्हणून सांगते. पावरा, भिल बाई टेबलावर सहसा ओरडत नाही. लाज असते, भाषा अडते, मागच्या खेपेला कुणी खेकसलेलं असतं. लगेच शेजारून येतं, 'या काटक असतात, यांना काही होत नाही.' बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवून आणलेली, हिमोग्लोबिन सातच्या खाली, वर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. ही काटक? माझा अजून संताप होतो. दहा मिनिटांत कळा किती, प्रत्येक किती सेकंद टिकली, हे पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय याच्या तक्त्यावर, मांडायचं असतं. ओरडण्याचा रकानाच नाही त्यात.

जळगाव: पण तिकडे गरिबी आणि अंतर हेही कारण असेल ना?

शहादा: असेलच. पण कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सला ना पैसा कमी होता ना अंतर. २०१७ साली बाळंतपणानंतर श्वास अडकू लागला. आधी फुप्फुसात गुठळ्या झालेल्या, म्हणून तिने स्वतःच स्कॅन मागितला. तरी मागे लागावं लागलं, आणि गुठळ्या निघाल्याच.

नंदुरबार: मग वाक्यात 'काटक समजून' असंच लिहा. 'काटक असल्याने' नको.

शहादा: घेतलं. शीर्षकातही शब्द अवतरणात ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला कौतुकच वाटेल.