सिव्हिलनंतर पॉलिसी (सरकारी धोरण) शिकायचीय, पण इंजिनिअरिंग सोडायचं नाही

सिव्हिल_लातूर:
तीन वर्षं झाली गावांच्या नळपाणी योजनांची डिझाईन करतोय. जलजीवनमधे माणशी रोज 55 लिटर धरून टाकी, पाइप, पंप सगळं काढतो, हिशेब बरोबर असतो, पण एका गावात मार्चमधेच विहिरीनं तळ गाठला कारण शेजारी चार नवीन बोअर झाले आणि दुसरीकडं लाईटबिल थकलं म्हणून पंप बंद. माझं ड्रॉइंग बरोबर आणि बायका घागरी घेऊन टँकरपाशी, हे बघवत नाही. यासाठी नेमकं काय शिकावं? एम.टेक.साठीची गेट परीक्षा दिलीय, घरून पैसे फार मिळणार नाहीत.

माजी_सितारा:
आयआयटी मुंबईचं सितारा बघ, ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं 1985 पासूनचं सेंटर आहे, तिथं टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटमधे एम.टेक. होतं. गेटवर जाता येतं आणि स्टायपेंड असतो त्यामुळं घरी हात पसरावा लागत नाही. गावात जाऊन राहायला लागतं. मी विहिरींची पातळी मोजायचो आणि दुपारी ग्रामसेवकाकडं दप्तर चाळत बसायचो, खरं शिक्षण तिथं झालं. त्याच कॅम्पसवर पॉलिसी स्टडीजचं वेगळं सेंटर आहे, पण तुला गणित सोडायचं नाही तर सिताराच.

हेगवरून:
नेदरलँड्समधे टीयू डेल्फ्टचं इंजिनिअरिंग अँड पॉलिसी ॲनालिसिस आहे, दोन वर्षांचं, वर्ग हेगमधे भरतात. मॉडेलिंग भरपूर, म्हणजे बोअर वाढले की पाणी किती वर्षांत खाली जाईल आणि तेव्हा लोक काय करतील हे दोन्ही एकत्र मांडायचं. मला फार आवडलं, पण फी जबर आहे, स्कॉलरशिपशिवाय येऊ नकोस. अमेरिकेत एमआयटीचं टेक्नॉलॉजी अँड पॉलिसी बघ, तिथं बरेच जण रिसर्च असिस्टंटशिपवर शिकतात. कार्नेगी मेलनमधे तर इंजिनिअरिंग अँड पब्लिक पॉलिसी असा अख्खा विभागच आहे, पीएचडी करायची असेल तर.

भूजल_ताई:
कुठंही जा पण प्रश्न तुझाच ने. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही हे आपल्याकडं 1993 च्या कायद्यातच आलं होतं. मग ते चार बोअर झाले कसे, अंतर कुणी मोजायचं, तक्रार कुणी करायची आणि ज्याचा ऊस वाळतोय त्याला काय सांगायचं? हाच तुझा थीसिस आहे रे. अर्जात हेच लिही.

सिव्हिल_लातूर:
ताई, आज जाऊन टेपनं मोजलं. सगळ्यात जवळचा बोअर 140 मीटरवर आहे. सिताराचा अर्ज भरतोय.