मदत हवी आहे : वाचकांचे रिकव्हरी कोड ग्रंथालयाने सांभाळावेत का?

नमस्कार. लालबागमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी संध्याकाळी मदतनीस म्हणून काम करते. वृत्तपत्रे वाचायला येणाऱ्या अनेक ज्येष्ठ सभासदांची बँकेची व निवृत्तिवेतनाची कामे आता ईमेलवर होतात, आणि फोन हरवला किंवा नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही व ईमेलच्या खात्यात शिरणेच अवघड होते. म्हणून आम्ही त्यांना गूगलचे बॅकअप कोड, म्हणजे ओटीपीऐवजी वापरता येणारे रिकव्हरी कोड, आधीच काढून घ्यायला शिकवतो. एका संचात आठ अंकी 10 कोड मिळतात, प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना रद्द होतो, एवढे त्यांना लगेच समजते.

खरी अडचण कागद ठेवण्याची आहे. चाळीतल्या एका खोलीत पाच-सहा माणसे, कपाट एकच आणि तेही सगळ्यांचे. एका आजोबांनी कोड सभासद कार्डाच्या मागे शाईच्या पेनाने लिहिले होते, त्याखाली पासवर्डही होता, आणि पावसात कार्ड भिजून निम्मे आकडे फुटले होते. आता आम्ही बॉलपेनने लिहायला सांगतो आणि पासवर्ड त्या कागदावर कटाक्षाने लिहू देत नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर कोडची फाइल उतरवणेही बंद केले आहे, कारण ती डाउनलोडमध्ये तशीच राहते आणि पुढे बसणाऱ्या कोणालाही उघडता येते.

तरीही "बाई, तुमच्याच कपाटात ठेवा," असा आग्रह होतो. हा विश्वास मोलाचा आहे, पण कोड ग्रंथालयाने स्वतःकडे ठेवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. कपाटाच्या किल्ल्या एकापेक्षा अधिक जणांकडे असतात आणि उद्या कोणाच्या खात्यात गैरप्रकार झाला, तर वाचकाचे नुकसान होईलच, शिवाय कर्मचाऱ्यांवर विनाकारण संशय येईल. कार्यकारिणीतील काही सदस्यांना मात्र वाचकाच्या सहीचे मोहोरबंद पाकीट ठेवायला हरकत वाटत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या ग्रंथालयात अशी पाकिटे ठेवली जातात का? ठेवत असल्यास नोंदवहीत काय लिहिता, आणि सभासदाच्या निधनानंतर पाकीट कोणाच्या हाती देता? ज्यांच्या घरी कुलपाची जागाच नाही, त्यांच्यासाठी याहून सुरक्षित पर्याय कोणाला माहीत असल्यास कृपया सविस्तर लिहावे. कार्यकारिणीच्या येत्या बैठकीत मला तो मांडायचा आहे.